खिळ्यावर चाललेलं वऱ्हाड

कॉलेजात मी फारसा बोलत नाही. प्रश्नाचं उत्तर येत असलं तरी हात वर करायला मला वेळ लागतो, आणि तोवर दुसरं कुणीतरी बोलून गेलेलं असतं. आमच्या वस्तीतून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माझ्या तोंडून चुकीचं काही गेलं तर ते माझ्या एकट्याचं राहणार नाही, सगळ्या वस्तीच्या नावावर जाईल, असं मला सारखं वाटतं. म्हणून मी गप्प बसतो.

दादाच्या लग्नाच्या दिवशी मात्र मी गप्प बसलो नाही. त्याला आता दोन-अडीच वर्षं झाली. तेव्हा पुष्कळ जणांनी मला उद्धट म्हटलं, अजूनही काही जण म्हणतात. त्याबद्दल मला कुणाची माफी मागायची नाही. फक्त काय झालं ते नीट लिहून ठेवावंसं वाटतं.

आमचं गाव शिरूरजवळ. वडील लहानपणीच गेले, तेव्हापासून माझे चुलते, म्हणजे आबा, हेच घरचे कर्ते. दौंडला माझी आत्या राहते. तिच्या नवऱ्याला आमच्याकडे मामा म्हणायची रीत आहे. हे मामा पाटस रस्त्यावरच्या एका गॅरेजात मिस्त्री आहेत. मॅट्रिकनंतरच्या आणि पुढच्या दोन्ही उन्हाळ्यांच्या सुट्ट्या मी त्यांच्या हाताखाली काढल्या. पाटसच्या कारखान्याला ऊस वाहणारे ट्रक हेच तिथलं मुख्य गिऱ्हाईक, आणि त्यांच्या पुढच्या चाकांचं काम बहुतेक माझ्याकडे असायचं.

पुढचं चाक गाडीला कशानं धरलेलं असतं, हे तिथं जाईपर्यंत माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. पाट्यांच्या स्प्रिंगांखाली आडवा एक्सल असतो. त्याच्या दोन्ही टोकांना चाकाबरोबर वळणारा लोखंडी दांडा असतो, त्याला स्टब म्हणतात. स्टबवर दोन बेरिंगं बसतात, बेरिंगांवर हब आणि हबाला चाक. एवढं सगळं बाहेरून एकच नट धरून ठेवतो. त्या नटाला खाचा असतात आणि स्टबच्या टोकाला आरपार भोक असतं. नटाची खाच आणि ते भोक समोरासमोर आलं की दोन पायांची एक पिन आरपार घालायची आणि पलीकडे तिचे पाय फाकवून वळवायचे. मग नट फिरू शकत नाही. बोटाएवढीसुद्धा नसलेली ती पिन नसेल तर नट हळूहळू सुटत जातो, आणि एके दिवशी चाक गाडीच्या पुढं पळत जातं.

नट आवळायचीही पद्धत होती. चाक हातानं फिरवत आवळायचा, चाक जड झालं की थोडा मागं सोडायचा. मी पहिल्यांदा सगळा जोर लावून आवळला तेव्हा मामा म्हणाले होते, "आवळायला काय, रेडाबी आवळंल. सोडायचा किती ते तुला कळलं पायजे."

मामांच्या दोन सवयी होत्या आणि त्या त्यांनी माझ्या अंगात भिनवल्या. एक म्हणजे काढलेली पिन पुन्हा घालायची नाही. नवी घालायची आणि जुनी गाडीवाल्याच्या हातावर ठेवायची, मगच हबाची टोपी बसवायची. टोपी बसल्यावर आत काय आहे ते कुणाला दिसत नाही, म्हणून हा पुरावा. नेहमीचे ड्रायव्हर मामा हातोडी उचलायच्या आधीच तळहात पुढं करायचे. दुसरी सवय त्यांनी रेल्वेच्या माणसांकडून घेतली होती. दौंडच्या यार्डात गाडी थांबली की काही माणसं डब्यांच्या कडेनं चालत जातात आणि प्रत्येक चाकापाशी वाकून आसाच्या पेटीला हात लावून बघतात. मामा तेच ट्रकला करायचे. गाडी कुठूनही आली, कुठंही थांबली, की आधी हबाला हाताची पालथी बाजू लावायची. थोडा गरम असला तर ठीक. हात टिकला नाही तर काहीतरी बिघडलंय.

दादाचं लग्न दौंडच्या मुलीशी ठरलं, ते आत्यानंच जमवलं. मुलीचे वडील रेल्वेत होते, डबे दुरुस्तीच्या खात्यात. पगारदार माणसं. आमच्या आबांना त्यांचा फार धाक वाटायचा. "घड्याळावर चालणारी माणसं हायती," असं ते महिनाभर सगळ्यांना सांगत होते. लग्न सकाळी अकराला लागणार होतं, दौंडला, मुलीच्या दारात.

वऱ्हाड न्यायला गावच्या बड्या बागायतदारानं आपला ट्रक देऊ केला. आमच्या वस्तीतली निम्मी माणसं त्यांच्याच रानात कामाला होती, आणि सगळे त्यांना मालकच म्हणत. उसाचा सीझन संपला होता. मालकांनी ट्रक नुकताच रंगवून घेतला होता, दर उन्हाळ्यात घेत असत तसा. फाळक्यावर कमळं, दारांवर मोर, आणि चाकांना चंदेरी रंग. रंगाऱ्यानं चाकांचं काहीही सोडलं नव्हतं. बोल्ट, हब, हबाची टोपी, सगळं एकसारखं चकचकीत. ट्रक वस्तीत येऊन उभा राहिला तेव्हा पोरं त्यात तोंडं बघत होती. आबांनी त्याच्या बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आपल्या दारात असली गाडी कवा आली व्हती का?"

आली नव्हती, हे खरंच होतं.

सकाळी लवकर निघालो. बायका पांढऱ्या साड्या नेसून हौद्यातल्या सतरंज्यांवर बसल्या. दादाला पांढरी पँट आणि पांढरा शर्ट, मलाही तसाच पांढरा शर्ट. आई पोरांना धरून मध्ये बसली होती. मी पुढच्या बाजूला, ड्रायव्हरच्या केबिनच्या मागं, फळीला धरून उभा होतो. न्हावरा मागं पडल्यावर मला जळक्या ग्रीसचा वास आला.

हा वास एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. तरी मी काही बोललो नाही. मला वाटलं, नव्या रंगाचा असेल. मग वाटलं, बोललो आणि काही नसलं तर? दोन-तीनदा तोंड उघडलं आणि मिटलं. तेवढ्यात ड्रायव्हरनं फाट्यावरच्या लिंबाखाली चहासाठी गाडी थांबवली, आणि मी सगळ्यांच्या आधी खाली उडी मारली.

डाव्या हबाला हात लावला, कोमट होता. उजव्या हबाला लावला आणि झटकन मागं घेतला. टोपीच्या कडेनं पातळ झालेलं ग्रीस चंदेरी रंगावर काळ्या रेघा ओढत खाली आलं होतं.

ड्रायव्हर बशीत चहा ओतत होता. गावचाच माणूस, मालकांकडे बरीच वर्षं होता. मला तो नेहमी 'कॉलेज' म्हणूनच हाक मारायचा.

"काय चाचपतोयस रं, कॉलेज?"

"हब तापलाय. हात लावून बघा."

"मे महिना हाय. माझं डोस्कंबी तापलंय, त्यालाबी हात लाव की."

टपरीवरची माणसं हसली. आमची वऱ्हाडीही हसली.

"मंग डाव्या बाजूचा का गार हाय?" मी म्हणालो.

त्यानं चहाचा घोट घेतला. मी केबिनमधल्या पेटीतून हातोडी, स्क्रूड्रायव्हर आणि पक्कड काढली. विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं नाहीच म्हटलं असतं. टोपीच्या कडेला चारी बाजूंनी ठोकत ती सैल केली आणि काढली.

आत पिन नव्हती. पिनीच्या जागी एक खिळा होता, दार-खिडक्यांना मारतात तसला, टोकाशी वाकवलेला. पक्कडीनं ओढला तर सहज आला. मधोमध तो निम्मा कापला गेला होता.

मी तो ड्रायव्हरला दाखवला. तो जरा ओशाळला, पण लगेच आवाज चढवून म्हणाला, "मंग काय झालं? सीझनमधी पिन तुटली, खिळा घातला. अख्खा ऊस ह्याच खिळ्यावर पाटसला वढलाय."

"ऊस सांडला तर परत भरता येतो."

"सकाळी चाक जरा हलतंय असं वाटलं, तवा नट जीव खाऊन आवळलाय. आता काय हालत न्हाई."

तेच तर झालं होतं. नट इतका आवळलेला की बेरिंग आतल्या आत जळत होतं, आणि तो नट जागेवर धरायला निम्मा तुटलेला खिळा. पुढच्या रस्त्यावर बेरिंग अडकलं असतं किंवा खिळा तुटून नट सुटला असता. दोन्हीचा शेवट एकच होता. हौद्यात माझी आई होती, माझा भाऊ होता, आमची अख्खी वस्ती होती.

"घाल त्यो खिळा परत आन् टोपी बशिव," ड्रायव्हर म्हणाला. "सावकाश नेतो."

मी पेटीतला मोठा पाना आणला, नटावर चढवला आणि त्याच्या दांड्यावर उभा राहिलो. एकदा, दोनदा दाबल्यावर नट कर्रकन सुटला. मग हातानं फिरवत फिरवत मी तो पूर्ण काढला आणि मुठीत घेतला. चांगलाच गरम होता. शर्टाच्या पुढच्या भागावर काळं ग्रीस आलं होतं.

"आता गाडी हालणार न्हाई," मी म्हणालो.

एवढा वेळ गंमत बघणारी माणसं जवळ सरकली. ड्रायव्हरनं बशी खाली ठेवली. "नट दे हिकडं."

"न्हाई."

"आबा! बघा तुमच्या पोराचं. मालकाच्या गाडीचं चाक खोलून बसलाय."

आबा टपरीच्या बाकड्यावरून उठून आले. फेटा नवा होता, तो सारखा कानावर येत होता. "काय चाललंय?"

मी सांगितलं. खिळा दाखवला. त्यांनी खिळ्याकडं बघितलंच नाही, माझ्या शर्टाकडं बघितलं. "लाव त्यो नट. येळ टळंल."

"टळू द्या."

"टळू द्या? रेल्वेची माणसं दारात हुबी हायती. मुहूर्त—" असं म्हणून ते थांबले.

मी थांबलो नाही. "कसला मुहूर्त, आबा? घरातलं द्येव घोड नदीत कुणी सोडलं? पंचांग चुलीत कुणी घातलं? तुम्हीच न्हवं?"

हे मी सगळ्यांसमोर बोललो. धर्म बदलला तेव्हा वस्तीत सगळ्यात आधी देव नदीत सोडणारे आबाच होते, आणि ती गोष्ट ते फार अभिमानानं सांगायचे. तीच मी त्यांच्या तोंडावर फेकली. त्यांनी हात उगारला. मी मागं सरकलो नाही. उगारलेला हात तसाच वर राहिला.

"ऱ्हायलं मुहूर्ताचं," ते हळू आवाजात म्हणाले, मला एकट्याला ऐकू जाईल असं. "आरं, गाडी त्यांनी फुकट दिलीया. तिच्यात खोड काढायची व्हय? उद्या परत त्यांच्याच रानात जायचंय आपल्याला."

खरी गोष्ट ही होती. मला ती आधीच माहीत होती. टपरीवरच्या प्रत्येकाला माहीत होती.

"रानात जायला उद्या हातपाय लागत्याल का न्हाई?" मी म्हणालो. "बैलगाडीच्या आसाला खीळ नसताना तुम्ही कवा गाडी जुपली का?"

"ती बैलगाडी. ही मोटार हाय."

"मंग हिला तर जास्तच लागंल की!"

"मोटारीतलं तुला लई कळतंय!" ड्रायव्हर मध्येच म्हणाला. "मालकाला काय सांगू मी? त्या वस्तीतल्या पोरानं गाडी अडवली म्हणून?"

"सांगा. वस्तीतल्या पोरानं अडवली असंच सांगा. माझं नावबी सांगा."

तेवढ्यात हौद्याच्या फाळक्याची कडी वाजली. आई खाली उतरत होती. उतरायला तिला वेळ लागला, गुडघे दुखतात तिचे. उतरली, पदर सारखा केला आणि रस्त्याच्या कडेला, लिंबाच्या सावलीत, खडीच्या ढिगावर जाऊन बसली.

"वैनी, तुमी कशाला उतरलाव?" आबा म्हणाले.

"तापल्या चाकावर मला न्हाई जायचं."

"वो मावशी," ड्रायव्हर म्हणाला, "रस्त्यावर बसू नगा. गाड्या येत्यात."

आईनं त्याच्याकडं बघितलं. "ह्या रस्त्याची खडी दुष्काळात मी फोडलीया. हितनं पार त्या वळणापत्तोर. बसंन न्हाईतर झोपंन. कुणाच्या बापाचं काय जातंय?"

माझी आई अशी कधी बोलत नाही. मालकांच्या घरच्या पोरांनाही ती अहो-जाहो करते. मी तिच्याकडं बघतच राहिलो. मग तिच्या मागोमाग सगळ्या बायका उतरल्या. पांढऱ्या साड्यांची एक लांबलचक रांग सावलीत बसली. पोरं टपरीकडं पळाली. ट्रक रिकामा झाला.

दादा माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. "किती जाड पायजे पिन?"

न्हावऱ्यात एक इंजिन-मिस्त्री होता, विहिरींवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा. त्याच्याकडं पिना नक्की असणार. मापासाठी दादा नट मागत होता, पण नट मी कुणालाच द्यायला तयार नव्हतो, अगदी दादालासुद्धा. मी लिंबाची एक काडी तोडली, दातांनी सोलली, स्टबच्या भोकात घालून बघितली. जाड झाली. पुन्हा सोलली. बरोब्बर बसली तेव्हा ती दादाच्या हातात दिली. "ह्येवढीच जाड. बारीक नगं. आन् कोरी पायजे, वापरलेली न्हाई."

टपरीवाल्याची सायकल होती. त्यानं ती काढून दिली. दादानं काडी खिशात ठेवली, पँटचा पाय मोज्यात खोचला आणि न्हावऱ्याच्या दिशेनं निघाला.

"आरं, नवरी दौंडला हाय!" बायकांतून एक मावशी ओरडली. "उलटा कुठं चाललास?"

"पळाला गं बाई नवरदेव!"

पहिल्यांदाच सगळे मोकळे हसले. आबा हसले नाहीत. ते पाठमोरे उभे राहून रस्त्याकडं बघत होते.

दादा गेल्यावर मी जॅक शोधायला लागलो. ड्रायव्हर थोडा वेळ लांब बसून बिडी ओढत होता. मग आला, माझ्या हातातून जॅक घेतला आणि एक्सलखाली लावला. "तुला नीट लावता यायचा न्हाई," एवढंच म्हणाला. चाक वर उचललं, बाहेरचं बेरिंग काढलं. त्याचे रूळ निळसर पडले होते, पण फुटले नव्हते. त्यानं ते फडक्यानं पुसलं, उन्हात धरून फिरवलं.

"जाईल दौंडपत्तोर?" त्यानं विचारलं. आता तो मला कॉलेज म्हणाला नाही, पण नावानंही हाक मारली नाही.

"सावकाश गेलो तर जाईल. तिथं मामा बघतील."

पेटीतल्या डब्यातलं ग्रीस आम्ही दोघांनी बेरिंगात दाबून भरलं. रस्त्यावरून एस.टी. गेली, तिच्या खिडक्यांतून माणसं वाकून बघत होती. एक पोरगं ओरडलं, "लगीन पंचर झालं!"

दादा परत आला तेव्हा घामानं निथळत होता आणि पँटवर सायकलच्या चेनीचा काळा पट्टा उमटला होता. रुमालाच्या गाठीत दोन पिना होत्या. इंजिन-मिस्त्रीनं काडी बघून एक दिली होती, आणि नवरदेव सायकलवर पिन न्यायला आलाय म्हटल्यावर आणखी एक.

मी चाक फिरवत नट आवळला. जड झालं तसा मागं सोडला. खाच भोकासमोर आली नव्हती, केसभर मागं होती. ड्रायव्हर म्हणाला, "आवळ जरासा, यील समोर." मी आवळला नाही. मामा म्हणायचे, खाच जुळत नसली तर सोडून जुळवायची, आवळून नाही. थोडा सोडला, पुढची खाच जुळली. पिन घातली, पक्कडीनं तिचे पाय फाकवून वळवले. चाक हलवून बघितलं, फिरवून बघितलं. मग टोपी बसवायच्या आधी, सवयीनं, तो निम्मा कापलेला खिळा ड्रायव्हरसमोर धरला.

त्यानं हात मागं घेतला. "माझ्याकडं नगं."

गाडी मालकांकडून घेतली होती आबांनी. मी खिळा त्यांच्यापुढं धरला. मला वाटलं ते फेकून देतील. त्यांनी घेतला, आता मात्र नीट बघितला, अंगठ्यानं कापलेली जागा चाचपली, आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

दौंडला पोचलो तेव्हा अकरा कधीच वाजून गेले होते. मांडवात माणसं पेंगत होती. मुलीचे वडील घड्याळ बघत दारात उभे होते. गाडीतून आधी आबा उतरले. मला वाटलं आता ते माझ्याकडं बोट दाखवतील. पण ते म्हणाले, "चाक तापलं व्हतं. वाटंत गाडी हुबी केली."

मुलीचे वडील माझ्या शर्टाकडं आणि दादाच्या पँटीकडं बघत होते. मग म्हणाले, "गरम चाकाची गाडी आमच्याकडं पुढं जात नाही. आत कोणीही बसलेलं असो." एवढं बोलून त्यांनी आबांना हाताला धरून मांडवात नेलं. उशिराबद्दल पुन्हा कुणी विचारलं नाही.

मामांनी मात्र लग्न लागेपर्यंतही धीर धरला नाही. पांढरं धोतर सावरत ट्रकपाशी गेले, हबाला पालथा हात लावला, ड्रायव्हरकडून हबाची टोपी काढून घेतली आणि मला बोलावलं. "पिनीचा एक पाय तुटायला आणलाय तू. एवढा मुरगाळायचा असतो व्हय?" मग माझ्या शर्टाला हात पुसून वधूवरांवर टाकायची फुलं घ्यायला गेले.

पंचशील झालं, लग्न लागलं. फोटोत दादाच्या पँटवरचा पट्टा स्पष्ट दिसतो. वहिनी तो फोटो कुणाला दाखवताना तिथं अंगठा ठेवते.

गावात परत आल्यावर मालकांचं बोलावणं आलं. आबा, दादा आणि मी गेलो. ते ओट्यावर खुर्चीत बसले होते. आम्ही खाली उभे.

"फुकटची गाडी दिली," मालक म्हणाले, "आन् तुम्ही भर रस्त्यात तिचं चाक खोलून तमाशा केला. न्हावऱ्यापास्नं लोक मला विचारत्यात. नट कुणी काढला?"

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी आबा बोलले.

"आमी."

"आमी म्हंजी कुणी?"

"म्या काढला," मी म्हणालो.

"आन् पिन म्या आणली," दादा म्हणाला.

आबांनी कोटाच्या खिशातून खिळा काढला. दोन पायऱ्या वर चढले. याआधी त्या पायऱ्यांवर त्यांना मी कधी चढलेलं बघितलं नव्हतं. खिळा ओट्यावर, मालकांच्या पायाजवळ ठेवला.

"ह्यो तुमचा हाय. गाडीत सापडला. नीट ठिवा," ते म्हणाले. "ह्याच्यावर तुमी आमच्या बायका-पोरांस्नी बशिवलं व्हतं."

मालक खिळ्याकडं बघत राहिले. आम्ही वळलो आणि चालू लागलो. मागून हाक येईल असं मला वाटत होतं. आली नाही.

त्या पावसाळ्यात त्यांच्या रानातलं काम आमच्या घराला मिळालं नाही. आबांनी दुसऱ्याकडं कांदा लावला. पुढं दादा शिक्रापूरकडच्या एका कारखान्यात लागला. मालक मला रस्त्यात दिसतात तेव्हा नजर वळवतात. मी वळवत नाही. कॉलेजात अजूनही हात वर करायला मला वेळ लागतो, पण तेवढं मला जमतं.

गेल्या उन्हाळ्यात चुलत बहिणीच्या लग्नाला आम्ही कोरेगावला गेलो. सगळं वऱ्हाड एस.टी.नं, तिकीट काढून. शिरूरच्या स्टँडवर बायका-पोरं खिडक्या धरून बसली, कंडक्टरनं घंटी मारली. आबा अजून खालीच होते. ते वाकून पुढच्या चाकापाशी गेले आणि हबाला हाताची पालथी बाजू लावून उभे राहिले.

"ओ आबा, चढा की! काय चाललंय?" कंडक्टर ओरडला.

"थांब," आबा म्हणाले, आणि दुसऱ्या बाजूच्या चाकाकडं गेले.